राष्ट्रपती राजवटीतलं पिठलं

आमच्या शेजारच्या गुरुजींनी स्वतःच्या स्वयंपाकघरात राष्ट्रपती राजवट लावली होती. थट्टा नाही, मी डोळ्यांनी पाहिलंय. माजलगावात आमच्या आणि त्यांच्या ओट्यामध्ये कमरेएवढी भिंत. त्यांचं वरण उतू गेलं तरी वास आधी मला यायचा.

गुरुजींनी जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. पोरं ते पुस्तक परीक्षेच्या आदल्या दिवशी उघडायची, गुरुजींनी निवृत्तीनंतरही मिटलं नाही. मी लग्न होऊन चकलांब्याहून आले, तेव्हा मला म्हणाले, "तुमी शेजारी राष्ट्र. साखर मागा, इरजन मागा, पन अंतर्गत कारभारात ढवळाढवळ न्हाई." मी साखर मागितली, विरजण मागितलं. ढवळाढवळ नको होती, तर भिंत एवढी बुटकी बांधायची कशाला?

सुनाही त्यांना साजेशाच मिळाल्या. थोरला साखर कारखान्यात. त्याची बायको स्वरूपा निजामाबादची, तेलुगू. धाकटा बंगळूरला नोकरीला गेला आणि म्हैसूरची चैत्रा घेऊन परत आला. आता दोघं घरूनच काम करतात. लोक हळहळले, "गुरुजी, आपल्यातल्या पोरी मिळंनात व्हय?" गुरुजी म्हणाले, "आवो, लोकं देश बघाया खर्च करून फिरत्यात. माझ्या वट्ट्यावर देश येऊन बसलाय!"

मग त्यांनी घराची घटना केली. भाजी ज्या त्या सुनेच्या राज्याची, दिवस वाटून. मीठ, गॅस आणि पाचचा चहा केंद्राकडे, म्हणजे गुरुजींकडे. भांडणाचं कलम तर मला फारच आवडायचं. "भांडन आपापल्या भाषेत, समेट मराठीत. शिवी कळलीच न्हाई तर लागंल कशी?" स्वरूपा तेलुगूत कडाडायची, चैत्रा कन्नडमध्ये धडधडायची. समेटाला मात्र दोघींकडे मराठी शब्द मोजकेच. "जाऊ दे." "बरं, जाऊ दे." झालं, मिटलं.

गुरुजींची एक खोड होती. काही निकाल द्यायचा झाला की, "थांबा, पानी पिऊन येतो," म्हणून आत जायचे आणि बाहेर यायचे ते निकाल घेऊनच. आम्ही म्हणायचो, शुगर आहे, तहान लागणारच. आत त्यांची बायको, आक्का, गुमान भाकरी थापत असायची.

सगळं सुरळीत होतं, वरण सोडून. ते रोजचं आणि दोघींचं. गुरुजींनी ते समवर्ती सूचीत टाकलं, म्हणजे दोन्ही सरकारांचा सारखा हक्क. एका सकाळी स्वरूपानं त्यात चिंच घातली. तिची पाठ वळताच चैत्रानं गूळ घातला. मग पुन्हा चिंच, पुन्हा गूळ. थोरल्यानं पहिला घास घेतला आणि डोळे मिटून बसला. त्या दिवशी दोघी एकमेकींवर ओरडून रडल्या आणि चैत्रा चक्क मराठीत म्हणाली, "मला वरच्या मजल्यावर वेगळी चूल पाहिजे."

गुरुजी पांढरेफटक पडले. सिरसाळ्याला त्यांच्या सख्ख्या भावांच्या चुली वेगळ्या झाल्या होत्या. तेव्हापासून ते भाऊ ना एकमेकांच्या लग्नाला गेले, ना मातीला. "चूल फुटली की मानसं फुटत्यात," असं गुरुजी सतत म्हणायचे. आपल्या हयातीत हे घर फुटू नये, एवढीच त्या माणसाची इच्छा होती. घाबरून त्यांनी पाणीसुद्धा न पिता जाहीर केलं, "दोन्ही सरकारं बरखास्त! राष्ट्रपती राजवट! आज सैपाक मी करनार!"

त्यांनी पिठलं केलं. खाली कोळसा, वर पाणी, मध्ये गाठी. मीठ केंद्राकडेच असल्यामुळे अगदी सढळ हातानं. धाकट्यानं वडलांना विचारलं, "दादा, ह्ये कोन्च्या राज्याचं हाय?" घर खदखदून हसलं. सकाळी भांडलेल्या सुना एकमेकींना धरून हसल्या. गुरुजी मात्र हसले नाहीत. कढई खाली ठेवून म्हणाले, "थांबा, पानी पिऊन येतो."

त्या दिवशी पाणी प्यायला लई वेळ लागला. बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते. "वर नवं राज्य मंजूर. राज्य नवं झालं म्हंजे देश फुटला असं न्हाई. पन पाचचा च्या खालीच, ह्याच वट्ट्यावर, समद्यांनी. त्यात सूट न्हाई."

वरची चूल पेटली. गुरुजी जिन्याकडे बघत बसायचे, जेवण उतरायचं नाही त्यांना. मग एका दुपारी स्वरूपा चिंचेच्या वरणाची वाटी घेऊन जिना चढली आणि उतरताना त्याच वाटीतून गुळाचं वरण घेऊन आली. गुरुजी धावतच भिंतीशी आले. "बघितलं का? आंतरराज्य व्यापार!" त्या दिवशी ते पोटभर जेवले.

गेल्या थंडीत गुरुजी झोपेतच गेले. माती झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी भाकरी-कालवण घेऊन भिंतीशी उभी होते. पाच वाजले. कुणी कुणाला हाक मारली नाही, पण वरचे खाली उतरले आणि खालचे ओट्यावर आले. आक्कानं किटली आणली. स्वरूपा म्हणाली, आई माझ्याकडे राहतील. चैत्रा म्हणाली, नाही, वर माझ्याकडे. धाकट्याला हुंदका फुटला. "दादा गेले. आता केंद्रात कोन?"

आक्कानं पदरानं नाक पुसलं. "कामून रडायलास रं? केंद्र पैल्यापासनं मीच हाय. तुझे दादा निस्ते राष्ट्रपती. आत यायचे, पानी प्यायचे, मी सांगायची अन् ते भाईर जाऊन सही ठोकायचे. एकदाच मला न इचारता राज्य केलं, तर पिठलं करपलं."

रडता रडता सगळा ओटा हसायला लागला. मीही. आक्का कप भरत होती. सवयीनं गुरुजींचाही भरला गेला. ती त्या कपाकडे बघत राहिली. मग तिनं तो उचलला आणि भिंतीवरून माझ्या हातात दिला.

"घे गं, शेजारी राष्ट्रा. अन् उद्यापासनं भिंतीवरनं नगं, दारातनं येत जा."