पूर्वेकडचे धुराडे

माझ्या परसातील शेगडीचा नकाशा मी तीनदा काढला, आणि तिन्ही वेळा शाईने. पेन्सिलीने कच्चे काम करणे माझ्या व्यवसायाला शोभत नाही, असे मला वाटे. कचेरीच्या आवारात लिंबाखाली माझे टेबल होते. शिक्षण सातवीपर्यंतच झालेले, परंतु वारसाचा असो वा रेशनचा, माझ्या हातचा अर्ज कारकून परत करत नसत. वकील मंडळी माझी वाक्ये उचलतात, असेही मी मानत असे.

शेगडीची कल्पना चिकलठाण्याच्या एका कारखान्यातील अधिकाऱ्याच्या बंगल्यावर सुचली. त्यांच्या भाडेकराराचा मसुदा मी केला होता, म्हणून त्यांनी जेवावयास बोलावले. हिरवळीवर लोखंडी शेगडी मांडून साहेब स्वतः मांस भाजत होते. आमचे घराणे मेंढपाळांचे. निखाऱ्यावरचे मांस मला नवे नव्हते. मात्र आम्ही ते माळावर, दगडांच्या चुलीपुढे उकिडवे बसून भाजत असू. उभ्याने, हातात चिमटा धरून, पाहुण्यांशी बोलत बोलत भाजण्यात जो रुबाब होता, तो मला माझ्या मुकुंदवाडीच्या घरी हवा होता.

कमरेइतका विटांचा ओटा, वर शहाबादी फरशी. उजवीकडे सीख कबाबासाठी लांब, उथळ चर. त्याची रुंदी मी शहागंजातील एका कबाबवाल्याच्या भट्टीवर वितीने मोजून आणली होती. डावीकडे बकऱ्याची अख्खी मांडी सावकाश भाजता यावी म्हणून खोल खड्डा आणि त्यावर साखळीने वरखाली होणारी जाळी. खाली राख ओढून काढण्याचा कप्पा, बाजूला मसाल्याच्या वाट्यांचा कोनाडा. घराला नुकताच पांढरा रंग दिला होता, तो काळवंडू नये म्हणून पत्र्याचे धुराडे. खरेदीखतात लिहितात तशी नकाशाखाली मी चतुःसीमाही लिहिली: पश्चिमेस स्वतःचे राहते घर, उत्तरेस रस्ता, दक्षिणेस मोकळी जागा, पूर्वेस कंपाउंडची भिंत. भिंतीपलीकडे काय आहे, ते लिहिले नाही. आमच्याकडे वारा बहुधा पश्चिमेचा. म्हणून धुराडे पूर्वेच्या भिंतीला लावले, आणि यात किती दूरदृष्टी आहे ते पत्नीला समजावून सांगितले.

भिंतीपलीकडे एक दलित कुटुंब राहत होते. मुलगा कारखान्यात फिटर, घरी त्याची म्हातारी आई. विद्यापीठाच्या नावाचा प्रश्न तेव्हा पेटलेला होता. नामांतर व्हावे म्हणून तो मोर्चात जाई. आमच्या गल्लीतील पुष्कळ जण विरोधात होते. मी दोन्ही बाजूंची निवेदने लिहून देत असे आणि त्याला निःपक्षपातीपणा म्हणत असे. नळावर घागरीला घागर लागली, तरी संध्याकाळपर्यंत त्याचे विद्यापीठाच्या नावावरचे भांडण होई आणि कोपऱ्यावर पोलिसांची गाडी येऊन उभी राही.

शेगडी झाल्यापासून दर रविवारी मी ती पेटवू लागलो.

एके दिवशी दुपारी हा फिटर कचेरीत माझ्या टेबलापुढे येऊन उभा राहिला.

"अर्ज लिहायचाय, साहेब. नगरपालिकेला. आईला दमा हाय. शेजारच्या भट्टीचा धूर थेट खिडकीतून आत येतो. मग रातभर बसून काढती ती."

त्यांच्या पलीकडच्या बाजूस एकाची चिवड्याची भट्टी होती. मी तीच गृहीत धरली. तो आणखी काही सांगणार होता, पण पक्षकाराने मध्ये बोललेले मला खपत नसे.

"समजलं. आता मला लिहू द्या."

मसुदा उत्तम उतरला. शेजारच्या टेबलावरील टंकलेखकालाही ऐकू जावा म्हणून मी तो खणखणीत आवाजात वाचला. "सदर इसम हा बेफिकीर, आपमतलबी व उर्मट वृत्तीचा असून, एका वृद्ध मातेचा श्वास कोंडला जात असतानाही..."

"तेवढं नका लिहू," तो हळूच म्हणाला. "माणूस तसा वाईट नाय."

"अर्जात वाईटच असावा लागतो."

"वा, मुनशी!" टंकलेखक म्हणाला. "ह्या भट्टीवाल्याला तर हद्दपारच करा!"

मी दौतीत टाक बुडवला. "हं, भट्टीवाल्याचं नाव?"

त्याने टेबलाच्या कडेवर पडलेले लिंबाचे पान बोटाने बाजूला सारले.

"चिवड्याची भट्टी रविवारी बंद असती, साहेब," तो म्हणाला. "आईला रविवारीच लई धाप लागती."

टंकयंत्र थांबले. टाकावरून शाईचा थेंब माझ्या सुंदर मसुद्यावर पडला आणि मी तो टिपला नाही.

"घरी येऊन बोललो असतो, पण गल्ली ऐकती," तो म्हणाला. "सांजच्याला त्याचं तुमच्याकडचे-आमच्याकडचे झालं असतं. हिथं कुणी काय म्हणत नाय. हिथं समदेच अर्ज लिहाया येतात." कागद तसाच टेबलावर ठेवून, हात जोडून तो गेला.

घरी येऊन मी पत्नीला सांगितले, तेव्हा ती भाकरी थापायची थांबलीसुद्धा नाही. "त्या मावशी रविवारी पुढल्या दारात तोंडाला पदर लावून बसत्यात. दोनदा सांगितलं तुम्हाला. तुम्ही म्हणलात, जाळी कशी वरखाली होती ते बघ."

मी पहार घेऊन परसात गेलो. पत्र्यावर पहिला घाव बसताच भिंतीवर फिटरचे डोके दिसले.

"पाडू नका, साहेब! गल्ली म्हणंल, मी पाडायला लावलं. आत्ताच्या दिवसांत तर नकोच."

पहार मी खाली ठेवली. म्हणजे शेगडी पाडण्याचीही मला सोय राहिली नाही. ती उभी राहिली, विझलेली. "मुनशी, मेजवानी कधी?" असे लोक विचारत, आणि मी सांगे, "अजून मनासारखा कोळसा मिळाला नाही." हे उत्तर मी इतक्या वेळा दिले, की पुढेपुढे लोक विचारीनासे झाले. पण भिंतीपलीकडे जाऊन मावशींना एक शब्द बोलणे मला जमले नाही. कोणत्याही साहेबाकडे क्षमेचा अर्ज मी उभ्या उभ्या लिहून देत होतो. स्वतःसाठी मात्र मला त्याचा मायनाही सुचत नव्हता.

काही वर्षांनी विद्यापीठाच्या नावाचा निर्णय झाला. त्या दिवशी शेजारी पणत्या लागल्या. मी परसात उभा होतो. भिंतीवरून एक सुरकुतलेला हात आला आणि त्याने माझ्या शेगडीच्या फरशीवर झाकलेले ताट ठेवले. आत शिरा होता. हाताच्या मागून, छातीत शीळ घातल्यासारखा, श्वासाचा आवाज येत होता. मी हाक मारण्याआधी हात मागे गेला.

ताट रिकामे परत करू नये म्हणून पत्नीने त्यात वाटीभर साखर ठेवली आणि ते माझ्या हातात दिले. "तुम्हीच जा. पुढल्या दारानं."

अंतर ते काय, दोन दारांचे. तरी मी रस्त्यावर दोनदा थांबलो, आणि मनात तीन वाक्ये जुळवून ठेवली. मावशी उंबऱ्याशी बसल्या होत्या.

"मावशी," मी म्हणालो. जुळवलेले पहिले वाक्य मी दोनदा सुरू केले आणि दोन्ही वेळा त्याच शब्दापाशी अडलो.

त्यांनी माझ्याकडे बघितले आणि शेजारचे पोते सरकवून दिले.

"बस बाबा," त्या म्हणाल्या. "धाप लागली का तुला?"