टाच पिकली नाही

सासूबाईंच्या बोटांचे सांधे सुजायचे. सकाळी मूठ मिटत नसे. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आमचं गाव आदिलाबादकडच्या इचोड्यापासून आत, शेतात कापूस, आणि वेचणीला घरचे सगळे हात लागत. इचोड्याच्या बाजारात बसणाऱ्या, डिग्री नसलेल्या आरएमपी डॉक्टरने कागदाच्या पुडीत बारीक पांढऱ्या गोळ्या दिल्या. आठवड्यात सूज उतरली. त्यानंतर सासूबाई डॉक्टरकडे गेल्याच नाहीत, दर बाजाराला औषधाच्या दुकानातून गोळ्या आणू लागल्या.

वर्षभरात त्यांचं तोंड गोल झालं. वेचता वेचता शेजारीण म्हणाली, "सून लय तूप चारून राह्यली वाट्टे!"

"कायचं तूप? हिच्या भाकरी चावू चावू गाल सुजले माहे."

मीही हसले.

त्याच हंगामात त्यांच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. सुईने उकरल्यावर थोडा तुकडा निघाला. बाकीचा आत आहे की नाही, कळेना. अशा वेळी आमच्याकडे कोणी घाई करत नाही. हळद घातलेल्या कणकेचं गरम पोटीस बांधायचं आणि वाट बघायची. आत काही असेल तर टाच लाल होते, ठणकते, पिकते. मग दाबलं की पुवाबरोबर काटा बाहेर. हे सगळ्यांना ठाऊक, आणि एरवी ते खरंही असतं.

टाच पिकली नाही. लालही झाली नाही.

"काटा असता तं पिकला नसता काय?" म्हणत त्या पुन्हा वेचायला गेल्या. मलाही ते पटलं.

पुढे त्या पाय ओढत चालू लागल्या. अंगात ताप नव्हता. मग एका दुपारी टाचेवरची कातडी काळी दिसली आणि वास आला. संध्याकाळपर्यंत त्या असंबद्ध बोलायला लागल्या. नवऱ्याने रस्त्यावर ट्रक थांबवला, आणि आम्ही आदिलाबादच्या सरकारी दवाखान्यात पोचलो.

तिथले डॉक्टर तेलुगू, आमच्याशी हिंदीत बोलत. त्यांनी पायाआधी तोंड पाहिलं. "अम्मा को गोली कौन दिया?" सासूबाईंच्या पदराची गाठ सोडून मी पुडी पुढे केली.

त्यांनी मला व्हरांड्यात नेऊन समजावलं. तोंड असं गोल होतं ते या स्टेरॉइडच्या गोळीनेच. शरीरात काही शिरलं की रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिकडे धावतात. लाली, गरमी, सूज ही त्यांच्या कामाची खूण, आणि पू म्हणजे बराचसा लढून मेलेल्या त्याच पेशी. सांध्यांत मात्र त्या विनाकारण आपल्याच शरीराशी भांडत होत्या. गोळीने त्यांना गप्प बसवलं. पण गोळीला सांधा कोणता आणि टाच कोणती, हे कळत नाही. काटा आतच होता, आणि जंतू वर चढत गेले तेव्हा त्यांना अडवायला फारसं कोणी नव्हतं.

पाय गुडघ्याखाली कापला.

गोळी एकदम बंद करू नका, हळूहळू कमी करा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तशी केली. गोळी सुटली आणि बोटं पुन्हा सुजली. आता कुबडी धरता येईना.

"गोळी आणून दे."

"डॉक्टर नको म्हणाले, आत्याबाई."

"पाय तं गेला. आता काऊन भेतं? हात तं चालू दे. जिंदगीभर तू धुशील काय मले?"

धूतच होते मी.

त्यांनी शेजारणीकडून गोळ्या मागवल्या. एका सकाळी त्या कुबडी घेऊन एकट्याच न्हाणीपर्यंत गेल्या, तेव्हा मला कळलं. मी भांडले नाही. गोळ्या काढून घेऊन त्यांना पुन्हा अंथरुणात कोंडायचं, एवढंच माझ्या हातात होतं.

मग रोज दुपारी मी त्यांचा उरलेला पाय मांडीवर घेऊन उन्हाकडे धरायची आणि तळवा बोटाबोटाने दाबून पाहायची.

"दुखते?"

"नाई वं."

लाल नाही, गरम नाही, सूज नाही. त्यावरून काहीच कळत नव्हतं.