पग भारे छे

वजन वाढलं हे मला आधी माझ्या ब्लाउजांनी सांगितलं. बडोद्याच्या लहरीपुऱ्यातला आमचा शिंपी दर वेळी शिलाई उसवून ब्लाउज सैल करून द्यायचा. एकदा त्याने तो उलटा करून दाखवला आणि म्हणाला, "बेन, हवे अंदर कापड नथी." आत दाबलेलं कापड संपलं, एवढंच त्याला म्हणायचं होतं. पण दुकानात आणखी बायका होत्या, आणि मला भर बाजारात उघडं पडल्यासारखं वाटलं. ब्लाउज पिशवीत कोंबून मी रिक्षा केली. यांच्या स्कूटरवर मागे बसणं मी तोपर्यंत सोडलंच होतं.

पन्नाशी जवळ आली होती. पाळी थांबली होती. अंगातून मध्येच वाफा निघायच्या आणि पोट तर काही न खाता वाढत होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या वयात होतंच. भात कमी करा, चाला." इतक्या सहज म्हणाल्या की मला त्यांचा रागच आला. घरी मी यातलं अक्षर बोलले नाही. बोलणार काय, की मी म्हातारी झाले? नुकतंच केबल आलं होतं आणि त्यावर दुपारभर पोट कमी करायच्या पट्ट्यांच्या जाहिराती चालायच्या. कमरेला पट्टा बांधून हसणाऱ्या त्या पोरी बघून माझं डोकं उठायचं, तरी मी चॅनल बदलत नव्हते.

त्यातच मुलीचं लग्न ठरलं होतं. ती कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची, मुलगाही चांगला होता. होणाऱ्या विहीणबाई मांडवीजवळ राहायच्या. त्यांना वैशाखातला मुहूर्त हवा होता. तारीख काढायची वेळ आली की आमची कन्या म्हणायची, "घाई कसली? दिवाळीनंतर बघू." कारण विचारलं की माझ्याकडे एकदा बघायची आणि विषय बदलायची. त्या बघण्याचा अर्थ मी लावला. मांडवात असली आई शेजारी उभी राहणार याची तिला लाज वाटत असणार. दिवाळीपर्यंत मी बारीक व्हावं, एवढ्यासाठी लग्न अडलं होतं, आणि तिकडे विहीणबाईंचा सूर बदलत चालला होता. एकदा तर त्यांनी विचारलं, "मुलीच्या मनात आहे ना नक्की?"

मग मी इरेला पेटले. भात सोडला, बटाटा सोडला, सकाळी मांजलपूरच्या रस्त्यांवर धापा टाकत चालायला लागले. आठवड्याभरात पाय सुजले. फाटकाशी शेजारीण भेटली. चांगली बाई, गुजराती, भिंतीला भिंत लागून घर. तिने विचारलं, "केम बेन, थाकी गया?" मी म्हटलं, "मारा तो पग भारे थई गया छे."

पाय जड झालेत, एवढंच. आम्ही बडोद्याचे मराठी लोक मराठी वाक्याला शेवटी 'छे' लावलं की गुजराती झालं असं समजतो. चार पिढ्या इथे काढून आमची गुजराती भाजीवाल्याच्या पुढे गेलेली नाही. शेजारणीने माझ्या पोटाकडे पाहिलं, डोळे मोठे केले आणि माझा हात हातात घेऊन म्हणाली, "बेन, बेसो, बेसो." मला वाटलं, काय मायेची बाई आहे!

त्यानंतर सोसायटीतल्या बायका माझ्याशी फार गोड वागायला लागल्या. मी दिसले की खुर्ची रिकामी व्हायची. हातातली भाजीची पिशवी कोणीतरी काढून घ्यायचं. शेजारीण वाटीभर सुखडी आणायची, गूळ-कणकेची, तुपाने ओथंबलेली. मी ती नको नको म्हणत घ्यायची आणि स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून खायची. खाऊन झाल्यावर स्वतःची इतकी किळस यायची की रात्री जेवायची नाही. घरात मुलगीही बादली उचलू देईना, डबे काढायला स्टुलावर चढू देईना. मला वाटलं, स्टूल मोडेल म्हणून असेल. सगळे माझी कीव करताहेत असं मी धरून चालले होते आणि त्या किवेने मी दिवसेंदिवस आंबत होते.

चैत्रातलं हळदीकुंकू मी ठेवलं ते विहीणबाईंची मर्जी राखायला. डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, सगळं साग्रसंगीत. शेजारपाजारच्या गुजराती बायकाही दरवर्षी यायच्या. मी एकेकीची ओटी भरत होते. शेवटी शेजारीण उठली, ताटातला नारळ उचलला आणि मोठ्याने म्हणाली, "आजे तो अमे तमारो खोळो भरीशुं!" माझी ओटी भरायची म्हणून तो नारळ तिने माझ्या पदरात टाकला आणि विहीणबाईंकडे वळून कौतुकाने म्हणाली, "बेनना पग भारे छे ने!"

गुजरातीत पग भारे म्हणजे दिवस गेलेत, हे मला त्या क्षणी, पदरात नारळ घेऊन कळलं. विहीणबाईंचा पन्ह्याचा पेला ओठाशीच राहिला. सगळ्या जणी माझ्या पोटाकडे बघत होत्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि त्याहून वाईट सांगते, एक क्षण मला ते नाकारावंसं वाटेना. पोटुशी बाई असणं परवडलं, तिच्या पोटाला निदान कारण असतं. माझ्या पोटात नुसती चरबी होती.

पण बोलणं भाग होतं. मी म्हटलं, "ना बेन, हुं तो खाली जाडी थई छुं." नुसती जाडी झालेय. मग विहीणबाईंना हसू फुटलं, आणि मग सगळं घर हसलं. मी पण हसले. शेजारीण बिचारी तोंडावर पदर घेऊन बसली. मुलगी तेवढी हसत नव्हती. हातातला ट्रे घेऊन ती तशीच उभी होती.

सगळ्या गेल्यावर मी हरभऱ्यांचं पातेलं आवरत होते. ती मागे येऊन उभी राहिली.

"म्हणजे खरंच नाहीये?"

"तुझ्या कानावर आलं होतं?"

"शेजारच्या काकींनी कधीच सांगितलं होतं मला. आईला वजन उचलू देऊ नको म्हणाल्या."

"आणि तुला ते खरं वाटलं?"

"त्यांच्या आधीच मला शंका आली होती. दिवाळीपासून एकदाही देवपूजा माझ्याकडे आली नाही, आई. तू काही बोलत नव्हतीस. मग मी काय समजायचं?"

आमच्या घरात बाईला अडचण असली की पूजा दुसरी करते. सासूबाई गेल्यानंतरही आम्ही ते सोडलं नव्हतं. मी तोंड मिटून ठेवलं होतं, पण माझी पूजाच सगळं सांगत होती, आणि भलतंच सांगत होती.

"मग विचारायचंस ना मला," मी चिडून म्हटलं. चूक माझी होती म्हणूनच चिडले.

"तू इतकी तोंड लपवत होतीस. कसं विचारू?" मग ती हळूच म्हणाली, "हिशेबाने तू श्रावणात बाळंत झाली असतीस. आजी नाही, मावशी नाही. तुझं बाळंतपण कोणी केलं असतं? वैशाखात लग्न करून मी निघून गेले असते तर? त्यालाही सांगितलं होतं मी, दिवाळीपर्यंत थांब. तो हो म्हणाला."

मला तिच्याकडे बघवेना. बायकांसमोर वाटली ती लाज काहीच नव्हती. पोरगी माझं बाळंतपण करायला लग्न लांबवून बसली होती, आणि मी इतके महिने तिच्यासमोर पोट आत ओढून बसत होते.