डक्टमधला आवाज

आमच्या सावेडीच्या इमारतीत बांधणाऱ्याने एकच गोष्ट मनावर घेऊन बांधली, ती म्हणजे डक्ट. सगळ्या मजल्यांच्या बाथरूमच्या खिडक्या त्या एका अरुंद बोळकांडीत उघडतात आणि कुणी नुसतं खाकरलं तरी खालपासून वरपर्यंत कळतं. कोण कधी आंघोळीला गेलं, कुणाचा नवरा अंगावर गार पाणी घेताना ओरडतो, सगळं. मला त्या डक्टचा भारी राग होता.

त्या थंडीत मला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. पहिलं तिसऱ्या महिन्यात गेलं होतं. आणि खरं सांगते, ते गेल्याचं दुःख एक, पण ते लोकांना सांगत फिरण्याने माझा जीव घेतला. सासूबाईंनी आनंदाच्या भरात चर्चच्या महिला मंडळात प्रार्थनेची विनंतीच करून टाकली होती. सगळ्या बायकांनी डोळे मिटून प्रार्थना केली, आणि नंतर कित्येक महिने त्याच बायका भाजीच्या गाडीवर, मेडिकलच्या दारात मला गाठून "कितवा गं आता?" विचारत राहिल्या. प्रत्येकीला उभ्या उभ्या सांगायचं, तिने "अरेरे" म्हणायचं, आणि वर मीच तिची समजूत घालायची की असू द्या, होतं असं कधीकधी.

म्हणून या वेळी मी सासूबाईंना समोर बसवलं. "आई, बाळाचे ठोके दिसेपर्यंत कुणाला एक शब्द नाही. मंडळात नाही, पास्टरांना नाही, आणि तुमच्या बहिणीला तर नाहीच नाही."

"आणि प्रभूला?"

"प्रभूला मनातल्या मनात सांगा."

त्यांनी ऐकलं बिचाऱ्यांनी. रात्री जेवणाआधीच्या प्रार्थनेत सगळ्या नातेवाइकांची, शेजाऱ्यांची, आजाऱ्यांची नावं घ्यायच्या, आणि माझ्यापाशी आल्या की तोंड मिटून नुसत्या गप्प बसायच्या. भात निवून जायचा. आमचे हे कोपरगावकडे साखर कारखान्यात, आणि गळीत हंगाम सुरू. हंगामात रजा मागायची सोय नाही. ते रोज फोनवर विचारायचे, "काय म्हणतंय?" आणि मी म्हणायचे, "ते काय म्हणणार, अजून तोंड तरी आहे का त्याला?"

पहिल्या सोनोग्राफीत गर्भाची पिशवी दिसली, ठोके दिसले नाहीत. डॉक्टरबाई म्हणाल्या, "लवकर असेल अजून. पंधरा दिवसांनी या. काळजी करू नका." काळजी करू नका म्हणणाऱ्याला एकदा धरून विचारावंसं वाटतं, की मग काय करू, तेवढं सांगा.

ते पंधरा दिवस मी बसलेच नाही. शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवताना पूर्ण वेळ उभी. घरी आले की कपाटं उपसायची, डबे खाली काढायचे, पुसायचे, परत वर ठेवायचे. सासूबाई करंज्या लाटता लाटता ओरडायच्या, "पायाला भिंगरी लागलीय का गं? टेक की जरा." टेकलं की पोटाकडे लक्ष जायचं. पोटाकडे लक्ष गेलं की डोकं फिरायचं.

भरवसा एकाच गोष्टीचा होता, उलटीचा. हसू नका. पहिल्या वेळी एका सकाळी माझं मळमळणं अचानक थांबलं. मी खुशीत मटणाचा रस्सा दोनदा वाढून घेतला आणि सगळ्यांना सांगितलं, सुटले बाई एकदाची. नंतर कळलं की त्याच दिवसांत केव्हातरी ते पोटातच थांबलं होतं. तेव्हापासून उलटी म्हणजे माझ्यासाठी बाळाची हजेरी. सकाळी उठून बाथरूममध्ये जायचं, डक्टमधून कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून नळ मोठा सोडायचा, आणि वाट बघायची. आली की तोंड कडू आणि मन गोड.

एकदा असंच उरकून मी नळ बंद केला, तर तस्साच आवाज परत आला. माझा नव्हता. वरून येत होता. कोरड्या उलट्या, मग पाण्याचे तांबे, मग शांत. आणि मग अगदी बारीक आवाज, "ताई, तुमाला बी?"

मी दचकलेच. "कोण बोलतंय?"

"वरच्या मजल्यावरची हाय मी. कुनाला सांगू नका हां. आत्याबाईंनी तीन म्हैने तोंडातून काढायचं न्हाई म्हनून बजावलंय. दृष्ट लागती म्हनं."

"तूही माझं सांगू नकोस."

"शप्पथ ताई."

जिला कधी धड पाहिलंही नव्हतं, तिला माझं गुपित आधी कळलं, माझ्या आईच्याही आधी. संध्याकाळी ती जिन्यात भेटली. विशीतली पोर, अंगावर नवऱ्याचा स्वेटर. माहेर कोपरगावकडचं, उसाचं रान असलेलं घर. नवरा एमआयडीसीत कामाला आणि सासू, म्हणजे तिच्या आत्याबाई, घरात पहाऱ्याला. त्यानंतर रोज सासूबाई मंडळात गेल्या की ती यायची नाहीतर मी जिन्यात जाऊन बसायचे. काय बोलायचो? सगळं. तिला लसणाची फोडणी चालत नव्हती, मला चहाचा वास. तिला दात घासायची राखुंडी खावीशी वाटायची. मला झोपेत चिंचा दिसायच्या. रविवारी आमच्याकडे सुके बोंबील भाजले की तो वास डक्टमधून सरळ वर. "तुमच्या बोंबलांनी मला मारलं ताई," म्हणायची, आणि पुढच्या रविवारी विचारायची, "आज न्हाई का केले?"

पण तिची खरी भीती होती बाळंतपणाची. तिला दोन जावा. "थोरली म्हनती, कळा आल्या की जीव द्यावा वाटतो. आन् धाकली म्हनती, शिंक आल्यागत झालं, कळलं बी न्हाई. आता ह्यातलं खरं कुनाचं धरायचं? तुमी शिकलेल्या हाय. किती दुखतं ओ?"

"मला काय माहीत?" मी फाडकन बोलले. "मी काय दहा बाळंतपणं केलीत?"

मलाच वाईट वाटलं. पण मी तरी काय सांगणार होते? ती नवव्या महिन्याला भीत होती, आणि मी परवाच्या सोमवाराला. पहिलं गेल्याचं मी तिला सांगितलं नव्हतं, ठोक्यांचंही नाही. तिच्या डोळ्यांत ते पाणी कशाला आणायचं.

मग ती सकाळ आली. उठले, बाथरूममध्ये गेले, नळ सोडला. काहीच नाही. ब्रश घशापर्यंत नेला. नाही. चहाचं आधण ठेवून पातेल्यावर तोंड धरलं. चहाचा वास छान आला. मी आधण तसंच मोरीत ओतून दिलं.

सासूबाई मंडळात गेल्यावर ती खाली आली, हसत. "आज तुमचा आवाज न्हाई आला! सुटला बाई तुमी."

सुटला म्हणाली आणि माझा बांध फुटला. पहिलं, दुसरं, मटण, ठोके, सगळं सांगून टाकलं. मला वाटलं आता ही पण म्हणेल, काळजी करू नका. ती म्हणाली, "कधी बोलवलंय?"

"सोमवारी."

"एकटीनं न्हाई जायचं. मी येती."

सासूला ब्लाउज शिवायला टाकायचं सांगून ती आली. सोनोग्राफीला पाणी पिऊन, लघवी धरून बसायचं असतं. बसायचं म्हणतात, पण बसवतं कुणाला? सगळ्या बायका पाय आवळत येरझाऱ्या घालत होत्या. केडगावची एक आठव्या महिन्यातली बाई भिंतीला टेकून सांगत होती, "माझ्या गेल्या वेळी नंबर आला आणि लाइट गेली. मी तिथंच रडले." सगळ्या हसल्या, आणि हसता येईना म्हणून आणखी हसल्या. कुणी विचारत होती पपई खाल्ली तर काय होतं, कुणी सांगत होती डाव्या कुशीवर झोप. मी पण हसत होते. बघते तर माझी सोबतीणही पाय आवळून उभी.

"तुला काय झालं?"

"तुमच्या जोडीला मी बी बाटली प्याले."

"अगं वेडे, तुझी थोडीच आहे आज!" मी तिला ढकलतच बाथरूमकडे पाठवलं, आणि तेवढ्यात माझा पुकारा झाला.

आत डॉक्टरबाई आधी बोलत होत्या. कारखाना कधी बंद होतो, शाळेला नाताळची सुट्टी किती. मग बोलायच्या थांबल्या. मी छताकडे बघत होते. शेवटी त्या म्हणाल्या, "वाढलं नाहीये हो." मी म्हटलं, "ठीक आहे." बघा, तिथेही मीच समजूत घालत होते.

बाहेर आले. तिने तोंडाकडे पाहिलं आणि रिक्षाला हात केला. परतताना रिक्षात तिचा हात नेहमीसारखा तिच्या पोटावर होता. माझी नजर गेली, तसा तिने तो उचलून सीटखाली लपवल्यासारखा धरला. मला तेव्हा ते नुसतं दिसलं, त्यावर काही विचार केला नाही.

पिशवी साफ केली. हे एका रात्रीपुरते आले, माझे पाय दाबत बसले आणि पहाटेच्या गाडीने गेले. सासूबाई म्हणाल्या, "या वेळी मी खरंच कुणाला बोलले नाही गं. मोठ्यांदा तर प्रभूलासुद्धा नाही." आणि पदर तोंडाला लावला. मला वाटलं होतं, कुणाला माहीत नसलं म्हणजे सोपं जाईल. कसलं सोपं! कुणाला आल्याचं माहीत नाही तर गेल्याचं विचारायला कोण येणार? नाताळात घर माणसांनी भरलं, मंडळातल्या बायका करंज्या खात म्हणाल्या, "आता गोड बातमी दे बाई." मी हसून चिवडा पुढे करत होते. आणि बाथरूममध्ये जाऊन, नळ पूर्ण सोडून, तोंडावर टॉवेल दाबून रडत होते.

कळत होतं ते वरच्या पोरीला. आणि तिने येणंच बंद केलं. जिन्यात दिसली तर "येती ताई" म्हणून पळायची. मी मनात म्हटलं, असू दे. जिचं पडलं तिची सावली नको, असं सासूने सांगितलं असेल. ज्याचं जळतं त्याला कळतं. मला तिचा राग आला, तिच्या सासूचा आला, तिच्या पोटाचासुद्धा आला. आला, म्हणजे आला.

मग एका सकाळी ध्यानात आलं की वरून आवाज येत नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्याही. राग कुठल्या कुठे गेला. वरून आवाज नाही याचा अर्थ काय, हे माझ्याहून जास्त कुणाला माहीत असणार? कुणाला विचारायचं? लोकांच्या लेखी मला तर काही माहीतच नव्हतं ना! करंज्यांची ताटली घेऊन वर गेले. तिच्या सासूने दार अर्धंच उघडलं.

"सूनबाई कुठंय?"

"हाय की, झोपलीय."

"बरी आहे ना?"

"बरी नसायला काय झालं?" त्यांनी ताटली घेतली आणि दार लावलं.

झोपलीय म्हणजे काय? कधीपासून झोपलीय? त्या रात्री माझा डोळा लागला नाही. देवा, माझं नेलंस ते नेलंस, हे एक ठेव, असं मी पहिल्यांदा मोठ्यांदा बोलले. सासूबाई आतून "आमेन" म्हणाल्या. कशासाठी ते त्यांना माहीतही नव्हतं.

उजाडताच गोधडी वाळत घालायचं निमित्त करून गच्चीवर गेले. घरात बसवतच नव्हतं. गच्चीवर गारठा असा की दात वाजत होते. सोलरच्या टाकीमागून ओळखीचा आवाज आला. जाऊन बघते तर ती, डोक्याला मफलर, समोर प्लास्टिकची बादली, वाकून ओकतेय.

मला इतका आनंद झाला आणि इतका संताप आला की काय आधी करू कळेना. "इथं थंडीत मरायला आलीस का? घरात बाथरूम नाही?"

तिने तोंड पुसलं. "खाली तुमाला ऐकू जातं ना, ताई."

"मग?"

"तुमी नळ सोडून रडता, ते मला वर ऐकू येतं. मंग माझं बी तुमाला जानारच की." ती खाली बघत म्हणाली. "म्हनून वर येती रोज. आत्याबाईंना सांगितलंय, मोकळी हवा लागती."

मी तिला दंडाला धरून उठवलं. "मूर्ख आहेस. चार दिवस आवाज नाही म्हणून माझा जीव गेला इथं! मला वाटलं तुझंही..." मी तिची बादली उचलली. "उद्यापासून घरात ओकायचं. खणखणीत. कळलं?"

"तुमाला तरास न्हाई हुनार?"

"होईल," मी म्हटलं. "पण तो चालेल."

दुसऱ्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन नुसती उभी राहिले. बराच वेळ काही नाही. मग वरून आवाज आला, पोटातलं सगळं उपसून काढणारा, चांगला मोठा. मी खिडकीशी तोंड नेलं. "उठल्या उठल्या सुकी भाकरी खा म्हटलं होतं ना?"

"खाल्ली हुती ताई. ती बी गेली."

"जाऊ दे. परत खा," मी म्हटलं, आणि पाटावर बसून टॉवेल न लावता पोटभर रडले. त्या दिवशी नळ मी सोडला नव्हता. वर तिनेही सोडला नाही.