बॉनेटखालच्या अक्षता

शाळेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर सात वर्षांनी मी मोटार घेतली. पत्नीच्या डोळ्यांचे उपचार नगरला चालू होते, आणि सोनईहून निघून घोडेगावला एस.टी. बदलण्याची दगदग तिला सोसवेनाशी झाली होती. मोटार चालवणे मी चाळिशीत शिकलो होतो. दाराशी मोटार असण्याचा योग मात्र या वयात आला.

गाडी श्रीरामपूरच्या एका टॅक्सीचालकाची होती. एक लाख सत्त्याऐंशी हजार किलोमीटर धावलेली. हा आकडा त्यांनी मी विचारण्याआधीच सांगितला.

"गुरुजी, लई पळालीय ही. पण लपवलेलं काही न्हाई. जे झालं, जे केलं, ते समदं ह्या वहीत हाय," असे म्हणून त्यांनी सुतळीने बांधलेली, तेलाचे डाग पडलेली एक वही माझ्या हाती दिली. टॅक्सीच्या लांबच्या फेऱ्या आता होत नाहीत, जड वाहनाचा परवाना आहे, एखाद्या शाळेची बस मिळाली तर घरी जेवायला येता येईल, एवढेच त्यांचे म्हणणे होते. आरशाला टांगलेला लहानसा क्रूस त्यांनी माझ्यादेखत सोडवला, कपाळाला लावला आणि वरच्या खिशात ठेवला.

घरी आलेल्या प्रत्येक नव्या वस्तूची मी पूजा करतो. त्या दिवशी गाडीचीही केली. परंतु पूजेआधी मी आसनांवर गोमूत्र शिंपडले. ते का शिंपडले, हे मला कोणी विचारले नाही आणि मीही स्वतःला विचारले नाही.

गाडीची देखभाल आपणच करायची, असे मी ठरवले होते. वेदपाठशाळेत बारा वर्षे काढलेल्या माणसाला ग्रंथ आद्यंत वाचल्याशिवाय चैन पडत नाही. गाडीबरोबर मिळालेले कंपनीचे माहितीपुस्तक मी दोनदा वाचले. अंगणात जुने धोतर अंथरून त्यावर दहाचा, बाराचा, चौदाचा पाना क्रमाने मांडायचा, हात धुवायचे, बॉनेट उघडून इंजिनावर फूल आणि कुंकवात भिजवलेल्या अक्षता वाहायच्या आणि मग कामाला लागायचे, असा माझा दर शनिवारचा क्रम झाला. ऑईल बदलणे, हवेची जाळी झटकणे, कूलंटची पातळी पाहणे हे सारे मी शिकलो. खंडेनवमीला पान्यांबरोबर इंजिनाचीही पूजा झाली. नैवेद्याचा गूळ-खोबऱ्याचा तुकडा पायदळी येऊ नये म्हणून मी तो बॅटरीच्या मागच्या सांदीत ठेवला.

"इंजिनाला सोवळं नेसवायचं तेवढं राहिलंय," पत्नी ओसरीवरून म्हणाली.

"त्याच्यावर आपला जीव असतो," मी म्हणालो.

"माझ्यावरही असतो की. मला नाही कधी फूल वाहिलंत ते?"

चालकाची वही मात्र मी चाळूनसुद्धा पाहिली नाही. पेन्सिलीची वाकडी अक्षरे, मध्येच हिशेबासारखे आकडे, पानभर बोटांचे ठसे. पहिले पान पाहून मी ती गाडीच्या कप्प्यात टाकली.

कारखान्यांचे गाळप सुरू झाले आणि रस्ते उसाच्या ट्रॅक्टरांनी भरले. एका सकाळी आम्ही नगरला निघालो असता इमामपूरच्या घाटात दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांच्या मागे अडकलो. गाडी मुंगीच्या पावलांनी चढत होती. तापमानाचा काटा लाल रेघेला टेकलेला मला दिसला तेव्हा बॉनेटमधून वाफ निघू लागली होती. रेडिएटरचा पंखा फिरतच नव्हता. पत्नी डोळ्यांवर हिरवी पट्टी बांधून रस्त्याकडेच्या दगडावर दोन तास बसून राहिली. डॉक्टरांची त्या दिवशीची वेळ हुकली. गाडी निवल्यावर, थांबत थांबत, आम्ही माघारी आलो.

त्या दोन तासांत माझा निष्कर्ष तयार झाला होता. पंख्याची मोटर जळालेली असणार, चालकाला ते ठाऊक असणार, म्हणूनच त्याने गाडी विकली असणार. पाठशाळेत आमचे गुरुजी एखाद्या ओळीविषयी शंका आली की तीन पोथ्या ताडून पाहिल्याशिवाय अर्थ सांगू देत नसत. मी एकही पोथी उघडली नाही. बॉनेटसुद्धा पुन्हा उघडले नाही. संशयाला माझ्या मनात जागा आधीच झाडून ठेवलेली होती. कशाने झाडलेली होती, हे आज मला कळते, पण उच्चारता येत नाही.

दुसऱ्याच दिवशी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. तो श्रीरामपूरच्या बाजूच्या एका शाळेचा संचालक आहे. घरच्या शांतीसाठी दिवस पाहून झाल्यावर तो म्हणाला, "गुरुजी, आजून एक इचारायचं हुतं. आमच्या बसला ड्रायव्हर पायजे. एक जन आलाय, तुमी त्याचीच गाडी घेतली म्हनं. त्यानंच तुमचं नाव सांगितलं, म्हनला, गुरुजींना इचारा. मानूस कसा हाय?"

मी आवाज चढवला नाही. शिवी दिली नाही. नेहमीच्या संथ स्वरात म्हणालो, "माणूस बोलायला गोड आहे. पण जे दाखवतो ते आणि जे असते ते, यांत अंतर आहे. लहान मुलांची बस आहे, तुम्ही विचार करा."

"झालं मग," तो उठत म्हणाला. "तुमच्या शब्दाच्या पुढं आमी न्हाई."

पत्नी आतून ऐकत होती. तो गेल्यावर तिने विचारले, "अहो, पाहिलंत का नक्की काय बिघडलंय ते?"

"शनिवारी पाहीन," मी म्हणालो.

शनिवारी मी बॉनेट उघडले. पंख्याची वायर हाताने चाचपत बॅटरीच्या मागे गेलो आणि बोटांना काही मऊ लागले. बॅटरी सोडवून बाजूला ठेवली. सांदीत उंदराचे घरटे होते: कापसाचे पुंजके, कुरतडलेला कागद, खोबऱ्याची करवंटीकडची साल आणि त्यांच्यामध्ये लालसर तांदूळ. माझ्या प्रत्येक शनिवारचे तांदूळ. कुंकू अजून त्यांना चिकटलेले होते. त्यांच्याच शेजारी पंख्याची वायर तुटून तांब्याच्या तारा चमकत होत्या. मी दोन टोके सोलली, पिळली, टेप गुंडाळली आणि गाडी तापू दिली. पंखा घरघरत फिरू लागला. मोटर निर्दोष होती.

मी तिथेच धोतरावर बसलो. मग उठून कप्प्यातली वही काढली आणि ती जशी वाचायला हवी होती तशी, पहिल्या पानापासून वाचली. किती किलोमीटरवर ऑईल बदलले, कोणता टायर कुठे फाटला, सारे होते. एका ठिकाणी लिहिले होते, "पाणी बघितलं नाही. माझी चूक." त्यापुढच्या पानावर होते: "बॅटरीमागं उंदीर शिरतो. वायर खाल्ली. बॉनेटमध्ये खायचं काही राहू देऊ नये. दर आठवड्याला बघावं."

दर आठवड्याला मी पाहतच होतो, आणि दर आठवड्याला त्याला खायला घालत होतो.

संचालकाला दूरध्वनी केला. सगळे सांगितले. तो म्हणाला, "गुरुजी, ड्रायव्हर ठिवला आमी. परवाच. आता त्याला कसं काढू? त्याचीबी लेकरं हायेत. जूनला दुसरी बस घ्यायचं चाललंय, तवा बघू."

त्याच दुपारी मी श्रीरामपूरला गेलो. चालक घरीच होते. त्यांनी खुर्ची अंगणात आणली. मी बसलो नाही. घाट, वाफ, संचालकाला बोललेली वाक्ये, बॅटरीमागचे तांदूळ, वही न वाचणे, सारे उभ्यानेच सांगितले. गोमूत्राचे तेवढे सांगितले नाही. ते ओठांपर्यंत आले होते.

ते खाली पाहत ऐकत होते. मग म्हणाले, "म्हंजी वयाचं न्हवतं."

"वयाचे?"

"त्यांनी नुसतं 'न्हाई जमत' सांगितलं. मला वाटलं, वय झालं म्हणून. मी डोळे तपासून आलो, चांगले हायेत असा कागद आणला. मंडळी म्हनली, आता कुनाला दाखवताय तो?" त्यांनी किंचित हसून घराकडे पाहिले. दारात त्यांच्या पत्नी उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत.

"अपराध माझा आहे," मी म्हणालो.

"वायर कुटली?" असे विचारून ते गाडीकडे वळले. बॉनेट उघडून माझा जोड दोन बोटांत धरला. "जोड बरा घेतलाय. पण नुसत्या टेपवर किती दिवस ऱ्हाईल? नळी घालावी लागती." घरातून जाड रबरी नळी आणून त्यांनी जोड पुन्हा बांधला. मग इंजिन सुरू करून, मान कलती करून, बराच वेळ आवाज ऐकत राहिले.

"चांगली ठिवलीय तुमी," ते म्हणाले.

त्यांनी मला दोष दिला असता तर मी तो घेऊन घरी आलो असतो. ही प्रशंसा कुठे ठेवावी हे मला कळेना. चहा आला. बाईंनी कप माझ्या हातात न देता खुर्चीवर ठेवला. मी तो उचलून शेवटच्या घोटापर्यंत प्यालो. एरवी मी बाहेरचे पाणीही घेत नाही.

निघताना त्यांनी वहीची चौकशी केली. "हाय ना? मग आजचं लिवून ठेवा. पुढच्याला उपेगी पडतं." मी तिथेच, त्यांच्या नोंदीखाली, पेन्सिलीने लिहिले: "पंख्याची वायर उंदराने खाल्ली. मी वाहिलेल्या अक्षता व नैवेद्य हे कारण. माझी चूक." आणखी एक ओळ लिहायची होती, गोमूत्राची. तिच्यासाठी जागा सोडून मी वही मिटली.

अजूनही शनिवारी मी धोतरावर पाने मांडतो आणि बॉनेट उघडतो. आता नुसते हात जोडतो. महिन्यातून एकदा संचालकाच्या शाळेत जाऊन दुसऱ्या बसची चौकशी करतो आणि त्या माणसाविषयी मला जे आता ठाऊक आहे ते पुन्हा सांगतो. तो म्हणतो, "गुरुजी, किती येळा सांगाल? हाय ध्यानात." मी म्हणतो, पुन्हा येईन. जूनला अजून तीन महिने आहेत, आणि वहीतली ती ओळ कोरीच आहे.