आईचं ‘बघ’ आणि हरीशभाईंचा बाघ

“प्राणी मोजून काय होतं गं?” आईच्या या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही.

आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली मीच पहिली. मालाडच्या एका ऑफिसात नोकरी पक्की झाली, आणि त्याच आठवड्यात सातपुड्यात वर्षभर राहून वन्यप्राण्यांच्या नोंदी ठेवण्याच्या कामालाही बोलावणं आलं. तिथला पगार निम्मा. आई चारकोपच्या पॅकिंग कारखान्यात दिवसभर उभी असते. ती आता तरी बसेल, हे मालाडवर अवलंबून होतं. शिकवण्यांच्या पैशांतून उत्तराखंडातल्या कुमाऊँची दोन तिकिटं, आईचं आणि माझं, मी आधीच काढली होती. म्हटलं, परत येऊन ठरवू.

दिल्लीहून रेल्वेने काठगोदाम, तिथून गाडी. शेअर जीप स्वस्त पडते, पण प्राणी पाहायचे तर स्वतंत्र गाडीच करा. हवं तिथे थांबता येतं. सप्टेंबर असला तरी पाऊस हटला नव्हता. आमचे चालक हरीशभाई आईला ‘माताजी’ म्हणायचे.

“माताजी काय? मी काय देवळात बसलेय?” आई मला मराठीत म्हणाली.

अल्मोड्याच्या वाटेवर पांढऱ्या डोक्याची वानरं भिजत बसलेली दिसली. “आपल्या बोरिवलीच्या माकडांपेक्षा शिस्तीची आहेत,” आईचा शेरा. रात्री ढाब्यावर जिऱ्यात परतलेले बटाटे आणि काळ्या भटाची, म्हणजे तिथल्या काळ्या सोयाबीनची, आमटी. आईने दोनदा मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी मुन्सियारी गाठायची होती. पहाटेच निघा, दुपारनंतर दरड पडली तर तासन्‌तास अडकाल. थल गावाच्या पुढे धुकं दाटलं आणि आई एकदम ओरडली, “बघ, बघ!”

हरीशभाईंनी करकचून ब्रेक लावला, भराभर काचा वर केल्या. “कहाँ है बाघ?”

आईने कड्यावरच्या घुरलाकडे बोट दाखवलं. ते बकरीएवढं रानटी जनावर शांतपणे चरत होतं. कुमाऊँत बिबट्यालाही बाघच म्हणतात, हे तेव्हा कळलं. ‘बघ’ म्हणजे ‘देखो’, हे समजावल्यावर हरीशभाई बिर्थीच्या धबधब्यापर्यंत हसत होते. मी वहीत घुरलाची वेळ आणि जागा लिहिली. आई तिरक्या नजरेने पाहत होती.

मुन्सियारीला दोन दिवस नुसतं धुकं. हिमशिखरं दिसली नाहीत. परतीला कालामुनी खिंडीच्या उतारावर पाऊस जोरात होता. आई हळूच म्हणाली, “बघ.”

“माताजी, अब नहीं फँसूँगा!”

आईने मागून त्यांचा खांदा धरला. “बघ नही रे भैया, बाघ! बाघ!”

वळणावरच्या कठड्यावर बिबट्या बसला होता, पूर्ण भिजलेला. हरीशभाईंनी इंजिन बंद केलं. वायपर थांबले, काचेवरून पाणी ओघळू लागलं आणि तो पुसट झाला. तरी मी एक फोटो काढला. मी खिडकी बोटभर उघडली. त्याने आमच्याकडे पाहिलं, पंजा चाटला आणि सावकाश दरीत उतरला.

हरीशभाईंनी इंजिन पुन्हा सुरू केलं. मग आई म्हणाली, “लिहिलंस का?”

“काय?”

“अगं, बकरीचं लिहिलंस आणि याचं नाही? उद्या कोणी म्हणालं, इथे काहीच नव्हतं, तर काय दाखवशील? पाऊस होता, तेही लिही.”

मी लिहिलं. तिने वही हातात घेऊन वाचलं, मग परत दिली.

आता चारकोपला गॅलरीत रेनकोट वाळतायत. फोटोत बिबट्या नाही, नुसती ओली काच आहे. पण आई कारखान्यात सगळ्यांना त्याची जागा वळणासकट सांगते. प्राणी मोजून काय होतं, ते मला अजूनही नीट सांगता येत नाही. परवा भाकरी थापताना तीच म्हणाली, “वर्षभर अजून उभी राहीन. माझे पाय काही मोडत नाहीत. तू पण नीट उभी राहा म्हणजे झालं.”

मालाडच्या ऑफिसला मी काल नकार कळवला.