लाखोरीवर फिरवलेली गाडी

माझी आणि माझ्या साडूची गाडी अगदी सारखी, रंगसुद्धा तोच. मी घेतली आणि महिनाभरात त्याने घेतली. माणसाने निदान रंग तरी वेगळा घ्यावा. नवेगाव बांधजवळच्या आमच्या सासुरवाडीला दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या की सासरे त्याच्या गाडीला टेकून बिडी ओढत, माझ्या नाही. हे मी बायकोला बोलून दाखवलं, तर म्हणाली, "तिकडं सावली रायते जी." असेल सावली. मला मात्र ते डोळ्यांत खुपायचं.

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, देवरीला शिक्षक. बोलायला साखर. त्याच्या ताटात तूप वाढताना सासूबाईंचा हात सैल सुटतो आणि माझ्यापाशी येईपर्यंत वाटी रिकामी होते. थोरला जावई मी, पण शेतातली मोटर बिघडली की फोन त्याला, आधार कार्डाचं काही अडलं की फोन त्याला. मी गोंदियात दुकान चालवतो, तेव्हा मला जगातलं काही कळत नाही असं त्या घरात ठरून गेलेलं आहे.

म्हणून होळीच्या आधीची ती दुपार मला फार मोलाची वाटली. धान निघाल्यावर त्याच बांधीत, म्हणजे भाताच्या वावरात, टाकलेली लाखोरी, म्हणजे लाखेची डाळ, उपटून सासऱ्यांनी घरापुढच्या डांबरी रस्त्यावर पसरली होती. आमच्याकडे तशी पसरतातच. येत्या-जात्या गाड्यांच्या चाकांखाली शेंगा फुटतात आणि मळणी आपोआप होते. त्या दिवशी मात्र रस्त्याला गाडीच नव्हती. सासरे बाहेर आले. दोन्ही जावई ओट्यावर बसलेले, दोन्ही गाड्या दारात. त्यांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बापू, जरा गाडी फिरवून द्या ना यावरून."

मला म्हणाले, त्याला नाही. मी हातातला चहा तसाच ठेवून उठलो. पुढे न्यायची, मागे आणायची, पुन्हा पुढे. शेंगा तडतड फुटत होत्या. साडू बशीतून चहा पीत नुसता बघत बसला होता, आणि त्याचं ते बसणं बघून मला फार बरं वाटत होतं. सासूबाई मधेच ओरडून म्हणाल्या, "खाली वेला गुंतून रायल्या जी." मी खिडकीतून हात हलवला आणि आणखी दोन फेऱ्या मारल्या.

त्यानंतर गाडी पेट्रोल पिऊ लागली. लिटरला अठरा देणारी गाडी तेरावर आली. चाकांत हवा भरली, एअर फिल्टर बदलला, प्लग बदलले, नेहमीचा पंप सोडून दुसऱ्या पंपावर जाऊ लागलो. भर उन्हात एसी बंद ठेवला, तेव्हा बायको आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाही. एका लग्नात साडूला सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमची किती देऊन राहिली?"

"अठराच्या खाली उतरतच नाही जी. तुमची?"

"माझीही तेवढीच," मी म्हणालो. बायकोने माझ्याकडे बघितलं आणि पदराने तोंड पुसलं.

दुखणं सापडलं तेही त्याच्यामुळेच, हे आणखी दुखतं. सासुरवाडीच्या तळ्याच्या पाळीवरून रस्ता खाली उतरतो. एकदा आम्ही दोघे एकामागोमाग निघालो. साडू एक नंबरचा चिकट, उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकून नुसती घरंगळत नेतो. त्याची गाडी पाण्यासारखी खाली गेली. मी मागून तसंच केलं, तर माझी चार हात सरकली आणि उतारावरच थांबली. ॲक्सिलरेटर दाबल्याशिवाय हलेना. खाली उतरून मागच्या चाकाला हात लावला तर चटका बसला.

गोंदियाच्या गॅरेजात ते चाक उघडलं. हँडब्रेकची तार जिथे आत जाते तिथे लाखोरीच्या वेली गुंडाळल्या जाऊन, चिखलाने लिंपल्या जाऊन, वाळून त्यांचा दोरखंड झाला होता. ब्रेक सोडला तरी अर्धा लागलेलाच राहायचा. "भाऊ, आप तो ब्रेक मारकेच गाडी चला रहे थे," मेकॅनिक म्हणाला. वेली कापल्या, तार साफ केली, झिजलेले ब्रेक शू बदलले. परतताना गाडी पुन्हा हलकी झाली होती आणि पेट्रोलही पुन्हा पुरू लागलं.

यंदा लाखोरी निघाल्यावर सासऱ्यांचा फोन आला, तेव्हा मी त्यांना हे सगळं रंगवून सांगितलं. तुमच्या कामासाठी मी किती सोसलं हे त्यांना कळावं, एवढाच हेतू. सासरे हळहळले.

"अरे बापा. म्हूनच त मी धाकल्या बापूले नाही सांगतलो तवा. त्याची गाडी खराब झाली असती."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. त्यांनी ते अगदी साधेपणाने सांगितलं होतं, त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंही नव्हतं. बायको शेजारीच होती, तिने ऐकलं आणि मान दुसरीकडे वळवली. मग सासऱ्यांनाच माझी दया आली असावी.

"अवंदा तुमी नोका येऊ जी. रविवारी धाकले बापू येऊन रायले, तेच फिरवतीन म्हणतात."

रविवारी साडू देवरीहून पोचला, तोवर मी अर्धी लाखोरी मळून काढली होती.